डायनोसॉरच्या हाडाचा रिपोर्ट

ताई,

तुला जाऊन चोवीस दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. घरात सगळे त्याचीच वाट बघत बसलेत. आई तर ताट वाढताना माझ्या तोंडाकडे बघत राहते. परवा म्हणाली, "तुला काय वाटत नाय का रं मिल्या?" मी म्हटलं, वाटतं. मग तिनेच विषय बदलला आणि सिन्नरहून मामा कधी येणार ते सांगत बसली.

आपल्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे घरी बसून राहायला निमित्तही नव्हतं. चौथ्या दिवशी मी लॅबला गेलो. द्वारका चौकात तोच गोंधळ, तेच हॉर्न. खालच्या टायरवाल्याने हात वर केला, मीही केला. वर जाऊन मायक्रोटोमवर बसलो आणि काप काढायला लागलो. पेशंटच्या, मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप. वीस वर्षं तेच करतोय. हात चालत होते. बाकी माझ्यात काही चालू आहे असं वाटत नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मिलिंद, आज एकही काप फाटला नाही." मी हो म्हटलं आणि डबा घेऊन निघालो.

तुझ्या शाळेने दारातल्या फळ्यावर तुझा फोटो लावून खाली सगळं लिहिलंय. जन्म, शिक्षण, किती वर्षं सेवा, मुलांची लाडकी वगैरे. छान लिहिलंय, मला त्यात भर घालायची नाही. मला एकच गोष्ट लिहायचीये आणि ती तू असताना सांगायला हवी होती. त्या डायनोसॉरच्या हाडात काही निघालं नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्यात काही होतं की नव्हतं हे मला ठाऊकच नव्हतं, कारण नीट बघण्याआधीच मी ते हाड वाया घालवलं होतं.

लिहिलं एकदाचं. अकरा वर्षं लागली.

तू ते घेऊन आलीस तो रविवार होता. तुझ्या हातात तुपाची रिकामी डबी, आत कापूस, आणि कापसात करंगळीच्या पेराएवढा तपकिरी तुकडा. तुझे एमएस्सीचे सर रिटायर झाले तेव्हा त्यांनी घर आवरताना तो तुला दिलेला. चंद्रपूरकडच्या एका शेतातून त्यांनी कधी तरी उचललेला, मोडका, संग्रहालयाच्या काही कामाचा नाही असा. मी हातात घेतला तर वजनाला दगड. पण भिंगातून बघितल्यावर बारीक बारीक भोकं दिसली, आपण मटणाचं हाड मोडल्यावर दिसतात तशी.

"याच्यातला चुना काढून दे," तू म्हणालीस.

"अगं, दगड आहे हा."

"दगड झालेलं हाड आहे. तू रोज हाडातला चुना काढतोस ना? मग हाही काढ."

माझ्या धंद्यात ते खरंच रोजचं काम. हाडावर पातं चालत नाही. आधी त्यातला चुना काढून ते मऊ करावं लागतं, मग काप निघतात. त्याचे दोन मार्ग. एक ॲसिड. काही तासांत काम होतं, पण जास्त वेळ राहिलं तर आतलं मांस, रक्तवाहिन्या, सगळंच खाऊन टाकतं. दुसरा ईडीटीए नावाचं पाणी. ते इतकं सौम्य की चुना तेवढा हळूहळू ओढून घेतं आणि मऊ भागाला धक्का लावत नाही. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, कितीतरी दिवस वाट बघायची. पेशंटचे नातेवाईक दारात उभे असतात तेव्हा कुठली वाट बघताय. आमच्याकडे 'अर्जंट' असं लाल पेनाने लिहिलेलं आलं की ॲसिड.

तू वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून मला समजावलंस. परदेशात कुणी तरी डायनोसॉरच्या हाडाचा चुना असाच संथपणे काढला, आणि सगळा दगड गेल्यावर मागे काहीच उरायला नको होतं तिथे तपकिरी, फांद्या फुटलेल्या नळ्या उरल्या. रक्तवाहिन्यांसारख्या. चिमट्याने ओढल्या तर ताणल्या जायच्या, सोडल्या की परत जागेवर. तू हे सांगताना दोन बोटांनी हवेत काही तरी ताणून दाखवत होतीस आणि दाजी मागे कपाळाला हात लावून बसले होते.

"काही लोक म्हणतात त्या नळ्या नाहीतच," तू म्हणालीस. "हाडातल्या पोकळीत बॅक्टेरिया वाढले, त्यांचा चिकटा आतून भिंतीला बसला आणि त्याला नळीचा आकार आला."

"मग तेच असणार."

"असेल. नसेलही. रक्तातल्या लोहामुळे मांस टिकलं असंही म्हणतात. तुमचं ते मांस टिकवायचं फॉर्मलिन करतं ना, तसं."

इथे मात्र मी तुला धरलं. "ताई, फॉर्मलिनमधलं मांससुद्धा काही वर्षांनी नीट रंग घेत नाही. मी रोज बघतो. आणि तू मला साडेसहा कोटी वर्षांच्या गोष्टी सांगतेस? मऊ ते राहत नाही. कठीण तेवढं राहतं, तेही दगड होऊन. विहारात भंतेजी दर पौर्णिमेला काय सांगतात? सगळं अनित्य."

"अनित्य म्हणजे लगेच नाहीसं होतं असं कुठे म्हटलंय?" तू म्हणालीस. "वेळ लागतो ना त्याला. किती लागतो तेवढंच तर बघायचंय."

हा वाद आपला पुढे कितीदा झाला असेल. तुझ्या ओट्याशी, माझ्या स्कूटरवर, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर. आई एकदा वैतागून म्हणाली, "लय झालं तुमचं हाड हाड. कुत्र्यावानी." तू हसून हसून बाकावरून घसरायची बाकी होतीस. मी नाशिकचा दाखला द्यायचो. इथे कुठेही खणलं तरी काळा दगड, लाव्हा थंड होऊन झालेला. त्यात कोणाचं मांस टिकणार? तू म्हणायचीस, "म्हणून तर हाड चंद्रपूरचं आणलं." तुझ्याशी वादात जिंकणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

खरं तर मी हे काम करतोय तेच तुझ्यामुळे. बारावीत गणितात उडालो तेव्हा अण्णा मला सिन्नरच्या एमआयडीसीत चिकटवणार होते. तू नवीन नोकरीला लागली होतीस, तरी सुट्टी टाकून आलीस, लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म स्वतः भरलास आणि माझ्यासमोर ठेवलास. "सही कर. तुझे हात स्थिर आहेत. डोकं नंतर होईल." हे तू अण्णांसमोर म्हणालीस. मला तेव्हा राग आला होता. नंतर कधी मायक्रोटोमवर कापांची चांगली सलग पट्टी निघाली की मला तेच वाक्य आठवायचं आणि बरं वाटायचं. हेही तुला सांगितलं नाही. असं पुष्कळ आहे.

तर ते हाड मी ईडीटीएमध्ये टाकलं. छोटी प्लॅस्टिकची बाटली, वर पट्टी चिकटवून 'सुजाताताई' असं लिहिलं. दर दोन दिवसांनी पाणी बदलत होतो. तू रोज फोन करायचीस. रंग बदलला का? टोक मऊ झालं का? सुई टोचून बघितलीस का? शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं, तिथे स्लाइड ठेवता आली तर किती छान, असं तू एकदा म्हणालीस. पण लगेच म्हणालीस, "प्रदर्शन गेलं उडत. तू घाई करू नकोस." हे शब्द अगदी असेच. मला विसरायला जमले नाहीत.

त्या वर्षी डेंग्यूची साथ होती. लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नाही, त्यात एक टेक्निशियन गावाला गेलेला. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी तुझा दुपारपर्यंत तीनदा फोन. मी चिडलो होतो. बाटली उजेडाकडे धरून हलवली. हाडाची एक कड विरघळून पातळ झाली होती, आणि त्या कडेला तपकिरी, धाग्यासारखं काही तरी लोंबत होतं. हलवलं की तेही हललं.

ताई, ते मी बघितलं. ते काय होतं? कापसाचा तंतू असेल. बुरशी असेल. तुझ्या त्या परदेशी लोकांनी सांगितलेला बॅक्टेरियाचा चिकटा असेल. त्याच क्षणी बाटली मायक्रोस्कोपपर्यंत न्यायला चार पावलं होती. मी गेलो नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे लवकर संपवू, सोमवारी ताईच्या हातात स्लाइड देऊ आणि ही कटकट मिटवू. बोन मॅरोचे चार अर्जंट नमुने ॲसिडमध्ये जायचे होते. त्यांच्या शेजारच्या बाटलीत तुझं हाडही टाकलं. हाताला सवय तीच. अर्जंट म्हणजे ॲसिड. बाकीचे चार संध्याकाळी आठवणीने काढले, धुतले. तुझ्या बाटलीवर पेशंटचा नंबर नव्हता, त्यामुळे ती माझ्या यादीत नव्हती. ती तिथेच राहिली. सोमवारी बघितलं तर तळाला चिमूटभर गाळ. त्यात वाळू होती, आणखी काही ओळखता येईल असं नव्हतं.

कधी कधी मला वाटतं, मला वाद जिंकायचा होता का? मऊ ते राहत नाही, हे माझं म्हणणं. असेलही. मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय.

तुझा फोन आला. "काय रे, निघालं का काही?" मी म्हटलं, "नाही ताई. काही निघालं नाही. सगळा दगडच होता." तू मग म्हणालीस, "ठीक आहे. नाही तर नाही. तू एवढी मेहनत घेतलीस, बास." आणि वर मला थँक्यू म्हणालीस. तू मला आयुष्यात कधी थँक्यू म्हणाली नव्हतीस, आपल्यात तसं म्हणायची पद्धतच नाही.

प्रदर्शनाला मी आलो होतो. मला यायचं नव्हतं, दाजींनी ओढून आणलं. तू टेबलावर रिकामी तुपाची डबी ठेवली होतीस आणि पुढे पुठ्ठ्यावर तुझ्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'शोधलं. काही सापडलं नाही.' बाकीच्या टेबलांवर ज्वालामुखी फुटत होते, बल्ब पेटत होते. तुझ्या टेबलापाशी मुलं थांबून विचारायची, मॅडम, मग इथे आहे काय? आणि तू त्यांना सांगायचीस की आम्हाला वाटत होतं काही तरी सापडेल, आम्ही नीट शोधलं, नाही सापडलं, मग तसंच लिहिलं. हवं ते दिसलं नाही तर दिसलं असं लिहायचं नाही. याला विज्ञान म्हणतात. तेवढ्यात लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तुझी शाळा देवळालीच्या कॅम्पातली, तिथे तू बोलता बोलता तोफेसाठी थांबायचीस आणि आवाज विरला की तुटलेल्या शब्दापासूनच पुढे सुरू करायचीस. त्या दिवशीही तसंच केलंस. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो.

मला वाटलं हे तिथेच संपेल. पण तू ती गोष्ट दर वर्षी नववीला सांगायला लागलीस. कॅम्पातली मुलं म्हणजे जवानांची मुलं, दोन-तीन वर्षांत वडिलांची बदली की निघाली. तू अभिमानाने सांगायचीस, "मिल्या, आपली गोष्ट अंबाल्याला पोचली. जोधपूरला पोचली. एका मुलीने पत्र लिहिलंय." आपली म्हणायचीस. त्यात मी पण असायचो: "माझा भाऊ, लॅबमध्ये काम करतो, एकदम चोख माणूस."

सांगायला गेलो नाही असं नाही. विहारात आपण दोघं शेजारी उभे राहून पंचशील म्हणायचो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज आपोआप खाली जायचा. तुला वाटायचं मला पाली पाठ नाही. एकदा कोपर मारून म्हणालीस, "नीट म्हण की." घरी जाताना सांगू असं मी ठरवलं. बाहेर येऊन चपला घातल्या आणि तू कोथिंबिरीच्या वड्यांबद्दल बोलायला लागलीस, मग मीही वड्यांबद्दलच बोललो.

मग गेल्या वर्षी तुझी पाठ दुखायला लागली, थकवा यायला लागला, रक्ताचे रिपोर्ट बिघडले. हॉस्पिटलने बोन मॅरोचा नमुना काढला. तू मला बजावून ठेवलंस, "तूच कर. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस." बाटलीवर नाव लिहिताना मी पहिल्यांदा तुझं माहेरचं आडनाव लिहून बसलो. ते खोडून सासरचं लिहावं लागलं. आत हाडाची बारीक काडी, दीड सेंटिमीटर असेल. ती तू होतीस. मॅडम म्हणाल्या, घरचं आहे, ॲसिडमध्ये टाका, उद्या कळेल. मी म्हटलं, "नको मॅडम. ईडीटीए. दोन दिवस लागू देत." वीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नको म्हटलं होतं.

दोन दिवस मी दर थोड्या वेळाने ती बाटली बघत होतो. तितके सुंदर काप मी कधी काढले नाहीत, ताई. आणि रंग दिल्यावर मॅडमच्या आधी मीच मायक्रोस्कोपला डोळा लावला. मी डॉक्टर नाही. पण एवढ्या वर्षांत चांगलं काय आणि वाईट काय ते कळतं.

संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण खोडी गेली नव्हती. "काय रे, या वेळी तरी निघालं का काही?"

मी म्हटलं, "माहीत नाही ताई. मॅडम बघतायत."

पहिल्या वेळी माहीत नसताना 'काही नाही' म्हणालो, दुसऱ्या वेळी दिसत असताना 'माहीत नाही' म्हणालो. पुढचे पाच महिने रोज तुझ्या उशाशी बसत होतो. डाळिंब सोलून द्यायचो, पाय दाबायचो, तुझ्या शिव्या खायचो. सांगायला वेळच वेळ होता. रोज मनात यायचं, आता ही आजारी, आता कशाला तिच्या जिवाला ताप. ते खरं कारण नव्हतं. भीती वाटत होती. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघायचीस ती जाईल याची. तू गेलीस त्या दिवशीही तू माझ्याकडे त्याच नजरेने बघितलंस, आणि ती नजर मी फुकटात घेतली.

तुझ्या आठवणीसाठी पुण्यानुमोदन ठेवलं, तेव्हा विहार भरला होता. तुझ्या शाळेतले सगळे, दाजींचे रेल्वेतले लोक, कॉलनीतले. भंतेजी बोलले, मुख्याध्यापक बोलले. मला बोलायला सांगितलं तर मी उभा राहिलो, "ताईने मला शिकवलं," एवढं म्हटलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं दुःखाने बोलवत नाही. मला नुसता लॅबमधल्या मेणाचा वास येत होता, बाकी काही नाही.

मग पांढऱ्या कुर्त्यातली एक पंचविशीतली मुलगी उठली. पूजा. वडील बिहारचे, लष्करात हवालदार, ती त्या प्रदर्शनाच्या वर्षी तुझ्या नववीत होती, आता पुण्याला कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करते. तुझ्याकडून शिकलेलं मराठी अजून बोलते. म्हणाली, "मॅडमनी रिकामी डबी दाखवली होती. बोलल्या, शोधलं, नाही मिळालं, तर नाही मिळालं लिहायचं. मागच्या साली माझा दोन वर्षांचा प्रयोग चालला नाही. सगळे बोलले थोडं इकडे तिकडे करून टाक. मला डबी आठवली. मी लिहिलं, काही मिळालं नाही. पेपर गेला हातातून. पण मला झोप येते." लोकांनी डोळे पुसले. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात किती जड होता.

बाहेर चपलांपाशी तिने मला गाठलं. "तुम्ही मॅडमचे भाऊ ना? हाड तुम्ही बघितलं होतं?"

मी म्हटलं, "नाही. बघितलं नव्हतं." आणि सगळं सांगितलं. तो धागा, ॲसिड, गाळ, फोन. मलाच माझा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. तिथे चप्पल शोधणारे लोक आमच्यातून वाट काढून जात होते.

ती रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम चूक होत्या?"

"नाही. ती बरोबर होती. तिला मिळालेला रिपोर्ट चुकीचा होता."

"तुमच्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट गेला तर तुम्ही काय करता?"

मी सांगितलं काय करतो ते. जुना रिपोर्ट फाडत नाही. दुसरा लिहितो, वर 'सुधारित' असं घालतो, काय चुकलं आणि कोणाकडून चुकलं ते लिहितो, आणि ज्याच्या नावाने पहिला गेला होता त्याच्याच नावाने पाठवतो.

"मग पाठवा," ती म्हणाली. "कॉपी मला पण द्या. मी पण ती गोष्ट लोकांना सांगते. आता पुढची पण सांगीन." आणि चप्पल घालून गेली. बोलण्यात राग होता. मला तो बरा वाटला. इतक्या दिवसांत कोणीतरी माझ्याशी मी जसा आहे तसं बोललं होतं.

म्हणून हे लिहितोय. काल लॅबच्या कागदावर तुझा सुधारित रिपोर्ट केला. त्यात असं लिहिलंय:

सुजाताताईंनी दिलेला डायनोसॉरच्या हाडाचा तुकडा ईडीटीएमध्ये ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात कडेला तपकिरी धाग्यासारखं काही तरी दिसलं. ते मायक्रोस्कोपखाली पाहिलं नाही. टेक्निशियनने घाई करून नमुना ॲसिडमध्ये टाकला आणि तिथेच विसरला. नमुना नष्ट झाला. 'काही निघालं नाही' हे आधीचं मत रद्द. हाडात मऊ भाग शिल्लक होता की नव्हता, यावर मत देता येत नाही. चूक टेक्निशियनची.

खाली माझी सही. तारीख.

आज तो घेऊन दाजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, उलटून मागे बघितलं, परत वाचला. आत जाऊन पाणी पिऊन आले. मग कागदाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "ही रेघ कसली?"

"सुधारित रिपोर्ट दिला की घेणाऱ्याची सही घ्यावी लागते. मिळाला म्हणून."

"नातेवाईकाची चालते?"

"चालते. रोज घेतो आम्ही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद जवळ ओढला. मी त्यांचा हात धरला.

"नको दाजी. मी खोटं तुमच्याशी नव्हतो बोललो."